जीव पेलणारी आठाची गाठ

२८ जुलै २०१८. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ३० जणांचा मृत्यू झाला, एकच जण वाचला. ऐन पावसाळ्यात शेकडो फूट खोल दरीत उतरून मृतदेह वर आणण्यासाठी शासकीय पथकांबरोबर परिसरातील ट्रेकरही दोर घेऊन धावले. तीन वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. तिथे गरज होती ती माती उपसण्याची. पण रस्तेच बंद झाल्याने बाहेरची मदत पोहोचायला उशीर झाला. या डोंगराळ भागात पहिले काही तास शेजाऱ्यांच्याच हातात असतात, हा दोन्ही घटनांचा धडा. म्हणूनच दोर हाताळणाऱ्या प्रत्येकाला एक गाठ तरी बिनचूक यायला हवी.

गावात दोराची ओळख सगळ्यांनाच असते. ओढताच सुटते ती सुरगाठ, सुटता सुटत नाही ती निरगाठ. माणसाचा भार घेणारी गाठ मात्र या दोहोंच्या मधली हवी: भाराखाली तसूभरही न सरकणारी आणि काम झाल्यावर सोडवता येणारी. गिर्यारोहकांची ‘फिगर ऑफ एट’, म्हणजे आठाची गाठ, नेमकी तशी आहे.

कोणतीही गाठ मारली की दोर कमजोर होतो. वळणावर बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात, आतले दबतात. सगळा भार मोजक्या तंतूंवर येतो. वळण जितके तीव्र, तितके नुकसान जास्त. आठाच्या गाठीत वळणे तुलनेने सैल असल्याने दोराची साधारण ७५ ते ८० टक्के ताकद टिकते. ११ मिलिमीटर जाडीचा नवा स्टॅटिक दोर सुमारे तीन टन भार सहन करतो. गाठ मारल्यावरही सव्वादोन टनांच्या आसपास क्षमता उरते. जखमी, स्ट्रेचर आणि सोबतचा बचावकर्ता मिळून दोनशे-अडीचशे किलो होतात. उरलेली क्षमता फुकट जात नाही. दोर भिजतो, जुना होतो, खडकाच्या धारेवर घासतो, कधी हिसका बसतो. ती त्यासाठी राखीव असते.

गाठ का टिकते, याचे उत्तर घर्षणात आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या विशाल पाटील, यॉर्न डंकेल आणि सहकाऱ्यांनी ताण पडताच रंग बदलणाऱ्या तंतूंच्या गाठी मारून ताण नेमका कुठे साठतो, हे पाहिले. त्यांचा अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. दोराचे पदर एकमेकांना किती ठिकाणी ओलांडतात, ते कोणत्या दिशेने पिळले जातात आणि एकमेकांवर कसे सरकू पाहतात, यावर गाठीची पकड ठरते, असे त्यातून दिसले. पदरांची मांडणी थोडी बदलली तरी पकड बदलते, ती यामुळेच.

आता कृती. दोराचे टोक हातभर दुमडून दुहेरी घडी करा. घडीचे डोके मुख्य दोरावरून पलीकडे न्या, म्हणजे एक फासा तयार होईल. मग ते मुख्य दोराच्या मागून फिरवून पुढे आणा आणि फाशात वरून खाली घाला. समोर आठाचा आकडा दिसेल आणि खाली कॅराबिनर अडकवायचा कडीसारखा फास उरेल. पदर एकमेकांवर चढलेले नकोत, शेजारी-शेजारी समांतर हवेत. मग चारही पदर एकेक करून ओढून गाठ घट्ट करा. मोकळे टोक दोराच्या जाडीच्या किमान दहापट, म्हणजे ११ मिलिमीटरच्या दोराला ११ सेंटिमीटर, बाहेर राहू द्या. शेवटी कॅराबिनरचे कुलूप लागल्याची खात्री करा.

‘बोलाइन’ ही गाठ मारायला आणि सोडायला सोपी, पण भार गेला की ती ढिली पडू शकते. आठाच्या गाठीचा मोठा गुण ताकदीपेक्षा वेगळा आहे. तिची चूक दुसऱ्याला चटकन दिसते. आकडा नीट उमटला नाही, तर अंधारात बॅटरीच्या उजेडातही ते कळते. म्हणून मारणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा नियम पाळावा.

चांगल्या गाठीमागे आधार कच्चा असेल तर उपयोग शून्य. सह्याद्रीचा बेसाल्ट दिसायला अभेद्य. पण पावसात त्याचे सुटे धोंडे हलतात, उथळ मुळांची झाडे उपटून येतात. आधार किमान दोन आणि एकमेकांपासून स्वतंत्र घ्यावेत. त्यांच्या दोरांमधला कोनही महत्त्वाचा. १०० किलो भार असेल तर ६० अंशांच्या कोनात प्रत्येक आधारावर ५८ किलो येतात, ९० अंशांत ७१ आणि १२० अंशांत पूर्ण १००! कोन त्याहून वाढला, तर दोन आधारांपैकी प्रत्येकावर मूळ वजनापेक्षाही जास्त ताण पडतो.

यात आरोग्याचाही मुद्दा आहे. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते. काही मिनिटांतच भोवळ येऊन शुद्ध हरपू शकते, जिवावरही बेतू शकते. त्याला लवकरात लवकर उतरवणे हाच पहिला उपचार. अशा वेळी गाठ आठवत बसायला सवड नसते.

लेख वाचून दरीत उतरू नये, हे वेगळे सांगायला नको. आधी जमिनीवर, जाणकार प्रशिक्षकासमोर सराव करावा. मग ओल्या हातांनी, मग डोळे मिटून. पावसाळ्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी वाडीतल्या चार तरुणांनी ओटीवर बसून एवढे केले, तरी दोर लागेल त्या दिवशी हात अडखळणार नाहीत.