लोकर, सूत आणि साबण : घरबसल्या भेटवस्तूंचा लहान धंदा

पिंपरी, भोसरी, चाकण ही नावे घेतली की मोटारी, सुटे भाग आणि कारखान्यांचे भोंगे आठवतात. या पट्ट्यात आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांची रोजी वर्कशॉप, भंगार आणि फॅब्रिकेशनवर चालते. ही रोजी किती कच्च्या धाग्यावर उभी असते, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील गोदामे व शेड महापालिकेने पाडली तेव्हा सर्वांनी पाहिले. कर्त्या पुरुषाचे काम एका दिवसात थांबले तर घरात दुसरी मिळकत हवी, हा त्यातला धडा. म्हणून आज आम्ही एका अगदी लहान धंद्याविषयी लिहीत आहोत. त्याला ना शेड लागते, ना वीज, ना कर्ज. लागते ती क्रोशाची सुई, थोडे सूत आणि साबणाच्या वड्या.

वस्तू दोन आहेत. पहिली, साबणाची विणलेली पिशवी. वडीच्या लांबीपेक्षा थोडी जास्त साखळी घालावी, तिच्या दोन्ही बाजूंनी गोल फिरत खांब विणत जावे आणि वडी बुडून वर दोन बोटे जागा उरली की थांबावे. शेवटच्या ओळीत जाळी ठेवून त्यातून दोरी ओवावी. वडी आत ठेवून अंग घासता येते, पिशवी खिळ्याला टांगली की पाणी निथळते आणि साबणाचे उरलेले तुकडेही वाया जात नाहीत.

दुसरी, नमदा चढवलेला साबण. काश्मीरमध्ये आणि राजस्थानातील टोंक येथे लोकर दाबून नमदे बनवतात. तीच क्रिया येथे लहान प्रमाणावर करायची. न कातलेली, पिंजलेली लोकर वडीवर आधी आडवी, मग उभी अशी पातळ थरांत गुंडाळावी. ती जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून गरम पाण्यात भिजवावी आणि दहा-पंधरा मिनिटे हलक्या हाताने चोळावी. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, साबण आणि घर्षण यांनी ते एकमेकांत अडकतात व लोकर आकसून वडीला घट्ट बसते. नंतर थंड पाण्यात धुऊन एक-दोन दिवस सावलीत सुकवावे. वडी झिजते तसे लोकरीचे आवरणही आकसत जाते.

येथे मालाची पारख हवी. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा पुष्कळसा माल ॲक्रिलिकचा असतो. तो कितीही चोळला तरी नमदा होत नाही. धाग्याचे टोक जाळून पाहावे. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो व ती आपोआप विझते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. सूत कागदासारखे जळून मऊ राख सोडते. पिशवीसाठी साधे सुती, दोन-चार पदरी सूत घ्यावे. मर्सराइज्ड धागा चमकतो, पण गुळगुळीत असल्याने फेस कमी देतो. रंग पक्का आहे की नाही, हे गरम साबणाच्या पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवून पाहावे. गिऱ्हाइकाचा टॉवेल लाल झाला तर दुसरी ऑर्डर येत नाही.

साबण मात्र घरी बनवू नये. त्यासाठी कॉस्टिक सोडा लागतो. लहान मुलांच्या घरात तो ठेवणे धोक्याचे. शिवाय विक्रीसाठी साबण बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार परवाना लागतो. तयार वडीच विकत घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीच्या साबणावरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा खरेदी करताना भाव नीट पाहावा. पिशवीबरोबर साबण देताना वडीचे मूळ वेष्टन फोडू नये. त्यावरील छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. पिशवीची किंमत बिलात वेगळी दाखवावी.

आता हिशेब. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा सूत १५ रुपयांचे, साबण ४० रुपयांचा, कागद व फीत ५ रुपयांची. माल झाला ६० रुपयांचा. विणायला दीड तास लागला आणि तासाचे ४० रुपये धरले तर मजुरी ६० रुपये. म्हणजे १२० रुपये ही घरातली पडत, नफा अजून धरलेलाच नाही. हीच वस्तू ९० रुपयांना दिली तर भगिनीच्या पदरात दीड तासाचे ३० रुपये पडतात. घरचे काम म्हणजे फुकटचे काम, असे मानणारे घर याच ठिकाणी बुडते. घड्याळ लावून वेळ मोजावा, वहीत लिहावा, मगच भाव सांगावा.

गिऱ्हाईक कोठे आहे? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवात बायका वाण देतात. त्यांना एकसारख्या, स्वस्त व उपयोगी वस्तू एकगठ्ठा लागतात. ईद आणि लग्नसराई आहेच. कारखान्यांत ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन आणि ८ मार्चचा महिला दिन होतो, दिवाळीला भेटी दिल्या जातात. त्यांच्या कार्यालयांत दोन-तीन महिने आधी नमुना दाखवावा. महापालिका महिला बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवत आली आहे, तेथेही गटाने गाळा मागता येईल. मोठ्या ऑर्डरला कागद लागतो. त्यासाठी उद्यम नोंदणी करावी. तिला सरकारी शुल्क नाही. पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

शेवटी आमच्या व्यापारी बांधवांना दोन शब्द. हा माल तुमच्या दुकानात येईल तेव्हा तो ‘विकला तर पैसे’ या बोलीवर ठेवून घेऊ नका. पंचवीस नगांपासून सुरुवात करा, पण रोखीने. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ज्या बाईला शनिवारी पैसे मिळतात, ती सोमवारी नवे सूत घेते. आणि ते सूत विकणारा दुकानदारही आपल्यापैकीच कोणी असतो.