प्रश्न छोटा, कान मोठे

मुलाखत म्हटलं की आमच्या पिढीला आधी नोकरीची मुलाखत आठवते. बीई होऊन सॉफ्टवेअरमध्ये आल्यापासून मी अशा मुलाखती दिल्या आणि आता घेतोही. तिथे विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. समोरच्याला ते येतं का, एवढंच पाहायचं असतं. रेडिओवरच्या चांगल्या मुलाखतीत मात्र उत्तर ठाऊक नसतं, म्हणूनच प्रश्न विचारायचा असतो.

आपल्या इंदूरला रेडिओची मोठी परंपरा आहे. 22 मे 1955 रोजी आकाशवाणीचं इंदूर केंद्र सुरू झालं. ‘मालवा हाउस’ हे नाव आपल्या घरांतल्या ज्येष्ठांना आजही जवळचं वाटतं. इथल्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातले नंदाजी आणि भेराजी माळव्यात घरोघरी पोचले होते. बियाणं, खत, पाऊसपाणी यांची माहिती ते भाषण ठोकून देत नसत. ओट्यावर बसल्यासारखे माळवीत गप्पा मारत. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. ऐकणाऱ्याच्या मनातला प्रश्न त्याच्याच बोलीत विचारला जायचा. त्यांच्या लोकप्रियतेचं गमक मला इथेच दिसतं.

पुढे 2001 मध्ये रेडिओ मिर्चीने आपलं पहिलं केंद्र इंदुरातच सुरू केलं. तेव्हा मी शाळेत होतो. गाणी आणि आरजेची चटपटीत बडबड आम्हाला फार आवडायची. पण एका माणसाला निवांत बोलतं करायला त्या वेगात जागा कमी होती.

अशी जागा आयुष्यभर जपणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. स्टड्स टर्केल त्याचं नाव. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी या स्थानिक केंद्रावर 1952 ते 1997, म्हणजे तब्बल 45 वर्षं, तो लोकांशी बोलत राहिला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखे मोठे लोकही त्याच्या माइकसमोर बसले. रेडिओबाहेरही तो टेपरेकॉर्डर घेऊन फिरे. पोलाद कारखान्यातला मजूर, हॉटेलात वाढणारी बाई, थडगी खणणारा अशा कितीतरी जणांना त्याने त्यांच्या कामाबद्दल विचारलं. त्यातून 1974 मध्ये ‘वर्किंग’ हे पुस्तक झालं.

गंमत म्हणजे, या माणसाला यंत्राची अजिबात सवय नव्हती. टेपरेकॉर्डरशी त्याची झटापट पाहून समोरचा माणूसच मदतीला धावायचा आणि त्याची भीड चेपायची. टर्केल एक आठवण नेहमी सांगत. एका गरीब वस्तीतल्या बाईंची त्याने मुलाखत घेतली. आईचा आवाज ऐकायचा म्हणून मुलांनी हट्ट धरला, तेव्हा त्याने टेप लावली. स्वतःचं बोलणं ऐकून त्या बाई चकित झाल्या. आपल्याला असं वाटतं, हे त्यांना स्वतःलाच तोवर माहीत नव्हतं!

हे वाचल्यावर मी आजीसमोर मोबाइल ठेवला. ‘तुझं लहानपण कसं होतं?’ असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘होतं आपलं चारचौघींसारखं.’’ मग विचारलं, ‘‘आजोबांचा डबा किती वाजता करायचीस?’’ आणि आजी सुरू झाली. घरात घड्याळ नव्हतं, मिलच्या भोंग्यावर दिवस चालायचा. पहिल्या भोंग्याला शेगडी पेटायची, दुसऱ्याला आजोबा सायकलवर. मग ती थांबली. मीही गप्प राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘मिल बंद झाली तरी कितीतरी महिने मला त्याच वेळेला जाग यायची. उठून करू काय? डबा तर द्यायचा नव्हता.’’

बाबा बाजूलाच बसले होते. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. त्या घरात ते लहानाचे मोठे झाले, पण आईला हे कुणी विचारलंच नव्हतं.

आजीचं मराठी पुस्तकातलं नाही. त्यात मधूनच हिंदी येतं, माळवी येतं. आमची मुलं आता उत्तरं हिंदीतच देतात. ही बोली ऐकायची असेल तर ती बोलणारी माणसं आहेत तोवरच.

तेव्हा येत्या रविवारी एवढं करून बघा. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, मोबाइल आजी-आजोबांच्या जवळ ठेवा. रेकॉर्डिंग करतोय हे त्यांना सांगा. एका वेळी एकालाच बोलू द्या. पहिला भाडेकरू कोण होता, पगार झाला की घरात काय यायचं, असे छोटे प्रश्न विचारा. शब्द किंवा साल चुकलं तरी मध्येच दुरुस्त करू नका. ते थांबले तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका, मनात दहापर्यंत मोजा. शेवटी फाइलला नाव आणि तारीख द्या आणि तिची एक प्रत भावंडांकडेही पाठवा. आणि प्रश्न शक्यतो घरातल्या सगळ्यात लहान मुलाला विचारू द्या. त्याला खरोखरच काही माहीत नसतं.