थाळीची गुणगुण सीडीवर उतरवताना

पिंपळनेरच्या पश्चिमेला साक्री तालुक्याचा डोंगराळ पट्टा लागतो. तिथल्या कोकणा पाड्यांवर मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो आणि पावरी घुमू लागते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला शिंग, असं हे वाद्य. त्याचा आवाज खणखणीत, त्यामुळे तो टिपणं सोपं. अवघड आहे ते थाळीवरच्या कथागायनाचं ध्वनिमुद्रण. धातूच्या थाळीत मेणाने एक काडी उभी करतात आणि कथा सांगणारा तिच्यावरून बोटं वरून खाली ओढत राहतो. थाळी गुणगुणते. ही गुणगुण विरत विरत शांततेत मिसळते, आणि ध्वनिमुद्रणाची सीडी करताना पहिला घाव याच विरण्यावर पडतो.

आजचे रेकॉर्डर बहुधा 48,000 हर्ट्झ आणि 24 बिटवर मुद्रण करतात. म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने, आणि प्रत्येक नमुना मोजायला 1 कोटी 67 लाखांहून अधिक पायऱ्या. ऑडिओ सीडीला मात्र सेकंदाला 44,100 नमुने आणि 65,536 पायऱ्याच चालतात. 44,100 हा आकडा आला व्हिडिओ टेपमधून. 1970च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच हाताशी होती. व्हिडिओच्या अमेरिकी-जपानी पद्धतीत दर क्षेत्राला, म्हणजे अर्ध्या चित्राला, वापरायच्या 245 ओळी, प्रत्येक ओळीत 3 नमुने, सेकंदाला 60 क्षेत्रं; गुणाकार 44,100. युरोपातल्या 294 ओळी आणि 50 क्षेत्रं घेतली तरी उत्तर तेच. फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 साली सीडीचं मानक ठरवलं तेव्हा तोच आकडा कायम झाला.

48,000 नमुन्यांची फाइल न बदलता 44,100च्या वेगाने वाजवली, तर दहा मिनिटांचं गाणं जवळपास 10 मिनिटं 53 सेकंद चालतं. काळी दोनमध्ये गाणाऱ्याचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे घसरतो, पेटीवर कुठेच सापडत नाही. म्हणून नमुने नव्याने काढावे लागतात. दोन्ही दरांचं गुणोत्तर 160 ला 147. तत्त्वतः आधी नमुने 147 पट करायचे, मग गाळणी लावायची आणि 160पैकी एक ठेवायचा.

या गाळणीवर सगळं अवलंबून असतं. 44,100 नमुन्यांत 22,050 हर्ट्झच्या वरचा आवाज मावत नाही. तो आधी काढला नाही तर खोट्या रूपात खाली येतो, सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं तसा. 96,000 हर्ट्झच्या मुद्रणात 30,000 हर्ट्झचा, माणसाला ऐकूच न येणारा कंप असेल, तर गाळणीवाचून तो 14,100 हर्ट्झवर उमटतो आणि चक्क ऐकू येतो. सीडी लिहिणारी सॉफ्टवेअर बरेचदा हे रूपांतर परस्पर उरकतात. मला ते पटत नाही. ऑडॅसिटी किंवा सॉक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर घेऊन ते स्वतः, उत्तम दर्जाची सेटिंग निवडून करावं.

आता थाळीकडे. 24 बिटच्या 256 पायऱ्या 16 बिटच्या एका पायरीत येतात. विरत चाललेली गुणगुण या पायरीच्या 0.3 इतकी उरली, तर जवळच्या पूर्णांकात तिचं शून्य होतं. दर वेळी शून्य. गुणगुण विरत नाही, खरखरत तुटते. यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटा वाटतो: पूर्णांक करण्याआधी आवाजात मुद्दाम बारीकसा गोंगाट मिसळायचा. उणे अर्धा ते अधिक अर्धा यांमधली कोणतीही यादृच्छिक संख्या 0.3 मध्ये मिळवली, तर शंभरातल्या सरासरी तीस वेळा उत्तर 1 येतं, बाकी वेळा 0. सरासरी पुन्हा 0.3! हरवलेला आवाज हलक्या सळसळीत जिवंत राहतो. याला डिदर म्हणतात. व्यवहारात अशा दोन यादृच्छिक संख्यांची बेरीज वापरतात, म्हणजे सळसळ गाण्याबरोबर कमीजास्त होत नाही.

क्रम चुकवू नये. काटछाट आणि आवाजाची पातळी 24 बिटमध्येच ठरवायची. गाळणीमुळे नवी शिखरं उठतात, म्हणून वर एखादा डेसिबल जागा मोकळी ठेवायची. मग नमुन्यांचा दर बदलायचा आणि डिदर लावून 16 बिट करायचं ते अगदी शेवटी, एकदाच.

आणि मूळ फाइल पुसायची नाही. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए जतनासाठी किमान 48,000 हर्ट्झ आणि 24 बिट सुचवते. सीडी ही गावातल्या प्लेअरवर ऐकवायची प्रत. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि काळाने उडतो. मूळ मुद्रण दोन वेगळ्या डिस्कवर, वेगवेगळ्या घरांत ठेवावं. सोबत गाव, तारीख, वाद्य, गाणाऱ्याचं नाव आणि त्याची परवानगी लिहून ठेवावी. डोंगऱ्यादेवाच्या कथेचा काही भाग बाहेर द्यायचा नाही असं माउल्यांनी, म्हणजे उत्सवाचं व्रत धरणाऱ्यांनी, सांगितलं, तर तो सीडीवर घालू नये.