प्रेरणेवर संशोधन करायचंय? मग छापखान्यात दिवसभर बसा

पेट पास झाली की सिनॉप्सिससाठी विषय शोधताना बऱ्याच जणांच्या वहीत 'सर्जनशीलता' हा शब्द एकदा तरी येतोच. शाखा कोणतीही असो, डिझाईन, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नाहीतर मराठी साहित्य. त्याच्या खाली पद्धत म्हणून एक ठरलेलं वाक्य असतं: 'पंधरा ते वीस कलावंतांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या प्रेरणास्रोतांचा अभ्यास करणे.' समितीसमोर हे वाक्य सहसा टिकत नाही. का टिकत नाही आणि त्याऐवजी काय करता येतं, ते आज एका छोट्या जागेच्या उदाहरणावरून बघू. जागा म्हणजे खिळे जुळवून छपाई करणारा, दोन-तीन माणसांचा लेटरप्रेस डिझाईन स्टुडिओ.

तुमच्यापैकी अनेकांनी खिळा पाहिलेला नसेल. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा हा छोटा ठोकळा, आणि त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. जाहिरातीची मोठी अक्षरं लाकडाची असतात. असे खिळे एकेक करून हातातल्या स्टिकमध्ये जुळवायचे, ओळी रचून लोखंडी चौकटीत आवळायच्या, शाई लावायची आणि कागद दाबायचा. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ पाचशे वर्षं युरोपातली बहुतेक पुस्तकं अशीच छापली गेली. ऑफसेट आणि संगणक आल्यावर व्यवसायाने हे तंत्र सोडलं. आता ते टिकून आहे ते प्रामुख्याने लग्नपत्रिका, पोस्टर आणि संग्रहासाठीच्या छापांपुरतं. यातली एक गंमत सांगतो: कागदाच्या मागच्या बाजूला अक्षराचा उठाव आला तर जुना कारागीर त्याला दोष मानायचा. आज गिऱ्हाईक त्याच उठावाचे जास्त पैसे देतं. यावरच एक प्रबंध होऊ शकेल, पण तो विषय वेगळा.

आता मुलाखतीचं बघा. स्टुडिओच्या मालकाला 'तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?' असं विचारलंत तर उत्तर मिळेल: जुनी पोस्टर, निसर्ग, आजोबांची हस्ताक्षरातली पत्रं. हे खोटं नसतं. पण मंगळवारी दुपारी त्या पोस्टरवर तेच अक्षर, त्याच आकारात, त्याच जागी का आलं, हे त्यातून कळत नाही. काम झाल्यावर माणूस त्याची गोष्ट करतो, आणि गोष्टीत अडखळणं गळून जातं.

ही अडचण या क्षेत्राच्या पायाशीच आहे. ग्रॅहम वॉलस यांनी 1926 मध्ये 'दि आर्ट ऑफ थॉट' या पुस्तकात सर्जनाचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरवण, अचानक सुचणं आणि पडताळणी. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे चार टप्पे तुम्हाला पन्नास ठिकाणी भेटतील. पण त्यांचा मोठा आधार म्हणजे हेल्महोल्ट्झ, प्वाँकारे अशा शास्त्रज्ञांनी स्वतःबद्दल नंतर सांगितलेल्या आठवणी. म्हणून वॉलस टाकून द्या असं मी म्हणत नाही. फक्त ते चार टप्पे सिद्ध झालेला नियम असल्यासारखे उद्धृत करू नका.

दुसरा रस्ता गेट्झेल्स आणि चिक्सेंटमिहायी यांनी दाखवला. शिकागोच्या कलाशाळेतल्या 31 विद्यार्थ्यांना त्यांनी एका खोलीत दोन टेबलं दिली. एकावर 27 वस्तू होत्या, दुसरं रिकामं. हव्या त्या वस्तू उचला, मांडा आणि चित्र काढा, एवढंच सांगितलं. संशोधक बघत काय होते? विद्यार्थी किती वस्तू हाताळतो, त्या किती वेगळ्या आहेत, आणि चित्र सुरू झाल्यावर मांडणी बदलायची त्याची तयारी आहे का. ज्यांनी प्रश्न शोधण्यात जास्त वेळ घालवला त्यांची चित्रं जाणकारांना जास्त मौलिक वाटली. हे काम 1976 मध्ये पुस्तकरूपात आलं. आपल्यासाठी महत्त्वाचं काय, तर त्यांनी 'प्रेरणा' हा शब्द बाजूला ठेवला आणि हातांच्या हालचाली मोजल्या.

लेटरप्रेस स्टुडिओत असं बघणं सोपं होतं, कारण तिथे विचार बऱ्याच अंशी हाताने होतो. दिवसाचा बराचसा वेळ मात्र 'डिझाईन' म्हणावं अशा कामात जातच नाही. सकाळी रुळांची सफाई, कागद कापणं, हव्या त्या मापाचं अक्षर कोणत्या केसमध्ये आहे ते शोधणं. मग ओळींमधल्या पट्ट्या भरणं, चौकट आवळणं, एक प्रूफ काढणं. एखादं जुनं लाकडी अक्षर झिजून बसलेलं असतं, ते नीट उमटत नाही, म्हणून त्याच्याखाली पातळ कागदाचे तुकडे चिकटवायचे. यात तास-दीड तास सहज जातो. नवखा संशोधक हा वेळ 'किरकोळ कामं' म्हणून वहीत एका ओळीत उरकतो. तसं करू नका, खरे निर्णय इथेच होतात.

समजा गिऱ्हाइकाला पोस्टरवर 'मिसिसिपी' हे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत हवंय. त्यात एस चार लागतात आणि आयही चार. लाकडी अक्षरांच्या संचात प्रत्येक अक्षराचे नग मोजके असतात. एस तीनच निघाले तर? दुसऱ्या वळणाचा एस घालायचा, पूर्ण शब्द लहान करायचा, शब्द तोडून दोन रंगांत दोनदा छापायचा म्हणजे तेच एस पुन्हा वापरता येतील, किंवा गिऱ्हाइकाला फोन करून मजकूर बदलायचा. प्रत्येक वाटेने वेगळं पोस्टर तयार होतं. संगणकावर हा प्रसंगच येत नाही, तिथे एस कधी संपत नाही.

डोनाल्ड शॉन यांनी 1983 च्या 'दि रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर'मध्ये अशा कामाचं वर्णन परिस्थितीशी चाललेला संवाद असं केलंय. त्यांचं उदाहरण वास्तुकलेच्या वर्गातलं आहे. तिथे शिक्षक रेघ मारतात, ती रेघ काहीतरी उलट 'बोलते', मग पुढची रेघ. छापखान्यात हे उलट बोलणं अगदी शब्दशः खरं असतं: अक्षर नाही, बसत नाही, उमटत नाही.

इथे एक धोका आहे, आणि तो मला या विषयावरच्या लिखाणात वारंवार दिसतो. 'मर्यादांमुळे सर्जनशीलता फुलते' हे वाक्य इतकं आवडतं की त्याला उलटा पुरावा कोणी शोधतच नाही. तीन एसमुळे कधी सुंदर पोस्टर होतं, कधी नुसतं गबाळं होतं, कधी काम परत जातं. परत गेलेल्या कामाचं पोस्टर भिंतीवर लागत नाही. भिंतीवरचीच पोस्टरं गोळा केलीत तर तुमचा निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. म्हणून रद्दीची टोपली हा तुमच्या नमुन्याचा भाग हवा.

स्टुडिओ बघायचाच तर कोणता? जगभर नावाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं हॅच शो प्रिंट. ते 1879 मध्ये हॅच बंधूंनी सुरू केलं, आणि पुढे संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टरं ही त्याची ओळख झाली. 1984 पासून जिम शेराडेन यांनी तिथे धोरण चालवलं ते 'छापत राहून जपणं' असं. जुने लाकडी ठसे काचेत न ठेवता आजच्या कामाला वापरायचे. अभ्यासकाच्या दृष्टीने यातून प्रश्न उभा राहतो: तिथल्या डिझायनरला सुचतं ते जुन्या ठशामुळे, की जुना ठसा हाताशी आहे म्हणून? प्रेरणा आणि उपलब्ध साठा यांची सीमा कुठे? हा प्रश्न प्रबंधाला पुरेल.

मराठीत काम करणाऱ्याला तर याहून मोठं रान मोकळं आहे. इंग्रजीच्या दोन केसमध्ये मिळून दीडशेच्या आसपास घरं पुरतात. देवनागरीला जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून त्याच्या कितीतरी पट खिळे लागतात. मुंबईच्या 'डिग्री' पद्धतीत अक्षर, त्याच्या वरची चिन्हं आणि खालची चिन्हं असे तीन थर जुळवावे लागत. 'अखंड' पद्धतीत मात्रेसह ओतलेले खिळे असत. या सगळ्याचा सविस्तर आढावा बापूराव नाईक यांच्या 1971 च्या 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या तीन खंडी ग्रंथात आहे, तो ग्रंथालयात मागून घ्याच. खिळ्यांच्या या संख्येने फक्त पोस्टरचं रूप बदललं असं नाही, तर लिपी बदलायच्या सूचनाही त्यातून निघाल्या. सावरकरांच्या 'अ'च्या बाराखडीत इ, ई, उ, ऊ, ए यांचे वेगळे खिळे लागत नाहीत, हा तिचा एक व्यावहारिक मुद्दा होता.

आता सगळ्यात अवघड भाग. छपाई झाली की चौकट सैल करून खिळे पुन्हा आपापल्या घरांत टाकतात, कारण उद्याच्या कामाला तेच लागणार असतात. म्हणजे कालच्या निर्णयांचा पुरावा आज उरत नाही. संगणकाच्या फाईलला निदान जुन्या आवृत्त्या असतात, इथे फक्त छापलेला कागद मागे राहतो.

पण कागदही बोलतो. चार्लटन हिनमन यांनी शेक्सपिअरच्या 1623 च्या 'फर्स्ट फोलिओ'च्या अनेक प्रती एकमेकींशी ताडून बघितल्या आणि टवके उडालेले, वाकलेले खिळे हेरले. तोच तुटका खिळा कोणकोणत्या पानांवर पुन्हा येतो यावरून कोणती पानं आधी जुळवली, कोणती सोडल्यावर खिळे मोकळे झाले, हा क्रम त्यांनी लावला. पानं वाचण्याच्या क्रमाने जुळवलेलीच नव्हती! हे काम 1963 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे तीनशे चाळीस वर्षांपूर्वीचा छापखान्यातला दिवस खिळ्यांच्या जखमांवरून पुन्हा उभा करता आला. त्याला बरीच वर्षं आणि अमाप चिकाटी लागली, हेही लक्षात ठेवा. तुम्ही तर प्रत्यक्ष तिथे आहात.

म्हणून वेळापत्रक त्याप्रमाणे लावा. चौकट सुटण्याआधी, तिरक्या उजेडात, प्रत्येक वेळी फोटो. प्रत्येक प्रूफवर पेन्सिलीने तारीख, वेळ आणि क्रमांक. दोन प्रूफांमध्ये काय बदललं ते लगेच विचारा, आणि 'का केलं?' असं नको, 'आत्ता काय शोधत होतात?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला समर्थन मिळतं, दुसऱ्याला माहिती. हातातलं काम थांबवून मात्र विचारू नका. ट्रेडल चालू असताना तर मुळीच नाही, बोटं जातात.

जमल्यास खिळे घरात टाकायला मदत करा. आठवड्याभरात कोणतं घर नेहमी रिकामं असतं ते तुम्हाला कळेल, आणि हे मुलाखतीत कोणी सांगत नाही. डबा खाण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवा, शिसं आहे ते.

संमतीपत्राबद्दल एक सांगायचंच आहे. दोन माणसांच्या स्टुडिओत 'नाव गुप्त ठेवले जाईल' हे वाक्य जवळजवळ निरर्थक असतं, कारण या व्यवसायातला कोणीही वर्णनावरून ओळखेल. त्यामुळे त्यांना मसुदा दाखवायचा, आणि कोणता भाग वगळायचा हे त्यांनी ठरवायचं, असं आधीच लेखी ठरवा. लग्नपत्रिकांच्या फोटोत गिऱ्हाइकाची नावं, पत्ते, फोन नंबर असतात. त्या लोकांनी तुम्हाला संमती दिलेली नाही, तेव्हा तेवढा भाग फोटो काढतानाच झाका, नंतर झाकू म्हणून ठेवू नका.