रिकाम्या ओसरीवर आधी कोण बसणार?

नव्या ऑनलाइन समूहाची पहिली अडचण म्हणजे रिकामी ओसरी. माणसं नाहीत म्हणून माणसं येत नाहीत. रेडिटच्या संस्थापकांनी २००५मध्ये खोट्या नावांनी स्वतःच दुवे टाकून ती भरली. चलाखीच म्हणायची! मला विकिपीडियाची वाट जास्त आवडते. त्याच्या आधीच्या न्यूपीडिया या ऑनलाइन ज्ञानकोशात तज्ज्ञांच्या तपासणीच्या सात पायऱ्या होत्या. वर्षभरात जेमतेम वीसेक लेख त्या चढून गेले. १५ जानेवारी २००१ला विकिपीडिया आला, आणि उंबरठाच निघाला. चूक दिसली की वाचणाराच दुरुस्त करणार. शिवाय अजून न लिहिलेल्या लेखाचा दुवा तिथे लाल दिसतो. तो पाहून कुणाचे तरी हात शिवशिवतातच. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ला, नेमका महाराष्ट्रदिनी.