‘चालता येतं का?’ या प्रश्नात दडलेले चार प्रश्न

मागच्या वेळी आपण ‘शकणे’ या क्रियापदाचा विचार केला होता. आज हेच क्रियापद कायद्याच्या हातात गेलं की काय होतं, ते पाहू. उदाहरण ब्रिटनमधलं आहे, कारण तिथे या एका शब्दावर माणसाचा भत्ता, आणि पुष्कळदा दारातली गाडीसुद्धा, अवलंबून असते. आपल्यापैकी काही जण तिथूनच ऐकत आहेत, त्यांना तर हे थेट उपयोगी पडेल.

ब्रिटनमध्ये २०१३ पासून ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’, म्हणजे ‘पिप’ नावाचा भत्ता आहे. आपल्याकडे प्रमाणपत्रावर ‘४० टक्के अपंगत्व’ असं लिहिलेलं असतं. पिपमध्ये अशी टक्केवारी नाही. आजाराचं नाव सांगून तिथे भागत नाही. त्या आजारामुळे रोजच्या जगण्यात काय अडतं, हे विचारलं जातं आणि त्याचे गुण मोजले जातात. भत्त्याचे दोन भाग आहेत, दैनंदिन जीवन आणि हालचाल. आज फक्त हालचालीचा भाग घेऊ.

यात दोन गोष्टी तपासतात. पहिली, प्रवास ठरवणं आणि वाटेनं नीट जाणं. दुसरी, प्रत्यक्ष चालणं. प्रत्येकीत लागू पडणारा सर्वांत वरचा गुण घेतात आणि दोन्हींची बेरीज करतात. ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वाढीव दर. वाढीव दर मिळाला तर ‘मोटॅबिलिटी’ योजनेत गाडी भाड्याने घेता येते. म्हणून ८ आणि १२ मधलं अंतर कागदावर दिसतं तेवढं लहान नाही.

आधी चालणं. उभं राहून २०० मीटरपेक्षा जास्त जाता येत असेल तर शून्य. ५० ते २०० मीटर असेल तर ४. २० ते ५० मीटर आधाराशिवाय जमत असेल तर ८, आणि काठी-कुबडीसारखं साधन घेऊनच जमत असेल तर १०. २० मीटरच्या पुढे जाताच येत नसेल तर १२. आता २० मीटर म्हणजे किती? क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २० मीटरहून किंचित जास्त. एका यष्टीपासून दुसऱ्या यष्टीपर्यंत जाता येतं की नाही, यावर वाढीव दर ठरतो! चाकाच्या खुर्चीतून कापलेलं अंतर यात धरत नाहीत. ‘उभं राहणं’ म्हणजे निदान एक नैसर्गिक पाऊल जमिनीवर टेकवून ताठ उभं राहणं, अशी व्याख्या नियमातच आहे.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे ढिगाचा जुना कूटप्रश्न आठवेल. एकेक दाणा काढत गेलो तर ढीग नेमका कधी संपतो? १९ मीटर चालणारा आणि २१ मीटर चालणारा यांच्या दुःखात असा काय फरक आहे? फारसा नाही. पण कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते. मग प्रश्न उरतो तो ती रेघ कशी वाचायची हा.

याचं उत्तर नियमातच आहे. एखादी गोष्ट ‘जमते’ असं म्हणायला ती चार प्रकारे जमली पाहिजे: सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, गरज पडेल तितक्यांदा, आणि वाजवी वेळात. वाजवी म्हणजे निरोगी माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. शिवाय वर्षातल्या निम्म्याहून जास्त दिवशी काय स्थिती असते, ते पाहिलं जातं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एक बाई काठी टेकत ६० मीटर जातात, पण त्यानंतर गुडघे इतके दुखतात की दुपारपर्यंत पुन्हा उठवत नाही. दिवसभरात पुन्हापुन्हा जमेल असं अंतर म्हणाल तर १५ मीटर. ‘६० मीटर चालता का?’ असं विचारलं तर त्या ‘हो’ म्हणतील, आणि ४ गुणांवर अडकतील. वास्तविक ‘गरज पडेल तितक्यांदा’ ही अट लावली, तर त्यांचं खरं अंतर १५ मीटर आहे आणि गुण १२. त्या खोटं बोलल्या नाहीत. प्रश्नच अर्धा विचारला गेला.

दुसरी गोष्ट प्रवासाची. ओळखीच्या वाटेनंही सोबतीशिवाय जाता येत नसेल तर १२ गुण. मग ती अडचण डोळ्यांची असो की मनाची? २०१७ मध्ये सरकारनं नियम बदलून मानसिक त्रासामुळे येणारी अडचण यातल्या वरच्या गुणांमधून वगळली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं हा बदल भेदभाव करणारा म्हणून रद्द केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं अपील न करण्याचं ठरवलं. पाय धड आहेत पण भीतीनं उंबरठा ओलांडवत नाही, अशा माणसालाही ‘जाता येत नाही’ म्हणता येतं, हे न्यायालयात मान्य झालं.

आता आपल्या स्वभावाबद्दल थोडं. ‘कसं काय?’ म्हटलं की आपण ‘बरं आहे, चाललंय’ म्हणतो. शेजाऱ्याशी बोलताना ही रीत छानच आहे. पण मूल्यमापन करणाऱ्यासमोर तेच उत्तर नोंदीत जातं. तेव्हा रडगाणं नको आणि शौर्यही नको. किती मीटर, किती वेळात, कितीदा थांबून, नंतर काय होतं आणि आठवड्यातले किती दिवस असं, एवढंच सांगावं. आठवडाभर वहीत टिपून ठेवलं तर उत्तम. निर्णय चुकीचा वाटला तर एका महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो, आणि तिथेही न पटलं तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

‘शकणे’ म्हणजे एकदा कसंबसं करून दाखवणं नव्हे. त्या गोष्टीच्या भरवशावर दिवस आखता आला, तरच ती ‘येते’ म्हणायची. या बाबतीत कायद्याचा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यापेक्षा जास्त समंजस आहे. फक्त तो माहीत असायला हवा. इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.