मोरित्सबुर्ग : शिकारीचा वाडा आणि त्याचे धनी

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ तळ्यात उभा असलेला मोरित्सबुर्ग हा मूळचा शिकारीचा वाडा. सॅक्सनीच्या वेटिन घराण्यातील ड्यूक मोरित्सने १५४२ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. पुढे याच घराण्यातील ऑगस्टसने, जो पोलंडचाही राजा होता, १७२३ ते १७३३ या काळात वास्तुकार प्योपेलमानकडून त्याला आजचे बरोक रूप दिले. भोजनगृहाच्या भिंतींवर सांबरासारख्या हरणांची ७१ शिंगे मांडली आहेत. माझ्या मते ही केवळ शिकारीची हौस नव्हे. शिकार हा सरदार-राजांचा राखीव हक्क होता. शेतकऱ्याचे पीक हरणांनी खाल्ले, तरी त्याने हरीण मारणे हा गुन्हा ठरे. म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याला ती शिंगे जंगलावरची सत्ताच दाखवीत.

१९४५ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ येताच शेवटचे धनी राजपुत्र अर्न्स्ट हाइनरिख यांनी घराण्याचा ऐवज पेट्यांत भरून जंगलात पुरला आणि ते निघून गेले. वाडा सरकारजमा झाला. बहुतेक पेट्या सोव्हिएत सैनिकांच्या हाती लागल्या. उरलेल्या काही १९९६ मध्ये हौशी शोधकांना सापडल्या. ज्या जंगलावर घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हक्क गाजवला, तिथेच त्यांना आपली संपत्ती चोरासारखी लपवावी लागली.